दर पंधरा दिवसांनी फिल्टर

३ मार्च, सोमवार

गार हवेचा पाइप बसला. एकट्याने बसवला! मालक दिवसभर काउंटरवर, आणि दुकानातला दुसरा मेकॅनिक, दहा नंबर, नेहमीसारखा गायब. (त्याचं हे नाव मीच पाडलं. दहा नंबरचा पाना जसा नेमका हवा तेव्हा सापडत नाही, तसा हा प्राणी. बाकी माणूस वाईट नाही.)

गाडी निळी, छोटी, जुनी पण नीट ठेवलेली. चालवणारी – तिच्याबद्दल नंतर. आधी काम.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. कंपनीचा एअर बॉक्स, म्हणजे हवेच्या फिल्टरचं मूळ डबडं, सोडवला. क्लिपा सुटल्या पटापट, पण मागचा एक बोल्ट गंजून हट्टाला पेटलेला. त्याला मोठ्याने शिव्या घालणार होतो, पण ती शेजारीच उभी. मग तोंडातल्या तोंडात घातल्या. सेन्सर जुन्या डबड्यातून काढून नव्या पाइपात बसवला. हा सेन्सर म्हणजे नाजूक प्रकरण – आत केसाएवढी तार, तिच्यावरून हवा जाते आणि ती तार इंजिनाला सांगते, एवढी हवा आली, आता एवढं पेट्रोल सोड. पाइपच्या टोकाला शंकूसारखा लाल फिल्टर, आणि तो खाली, बंपरच्या मागे, जिथे इंजिनाची धग पोचत नाही. गार हवा दाट असते, दाट हवेत पेट्रोल नीट जळतं, इंजिन खूश. एवढंच आहे सगळं. कॉलेजात याचं समीकरण मला शेवटपर्यंत लिहिता आलं नाही.

बाकीची गिऱ्हाइकं खुर्चीत बसून मोबाईल चोळत असतात. ही पूर्णवेळ बोनेटमध्ये डोकं घालून.

– हा पाइप इथे घासणार नाही का?

घासणारच होता! माझ्या लक्षातच आलं नव्हतं. रबराची पट्टी कापून लावली आणि मी ती आधीपासून लावणारच होतो असा चेहरा केला.

गाडी चालू केली. पाय दाबला की आत कोणीतरी छाती भरून श्वास ओढावा तसा आवाज. ती हसली. माझ्याकडे बघून नाही, इंजिनाकडे बघून. तरीसुद्धा.

४ मार्च

तिच्याबद्दल नंतर लिहितो म्हणालो होतो. काय लिहू! नखांत पांढरी पूड होती तिच्या. माझ्या नखांत काळं ग्रीस. झालं एवढंच.

९ मार्च, रविवार

घरी सुट्टी म्हणजे शिक्षा. बाबा समोरच्या खुर्चीत पेपर वाचतायत, मी इथे कॉटवर, मधे दोन हात अंतर. आणि बोलणं मात्र आईमार्फत!

"त्याला सांग, जाताना पंखा बंद करत जा म्हणावं."

आई स्वयंपाकघरातून: "तो तिथेच आहे, तुम्हीच सांगा."

"मी इंजिनीअरच्या बापासारखा बोलायची तयारी करून बसलो होतो. मेकॅनिकच्या बापासारखं कसं बोलायचं ते अजून येत नाही मला."

डोकं सटकलं. पण गप्प बसलो. मागच्या वेळी गप्प बसलो नव्हतो तेव्हा काय झालं माहीत आहे – सरांच्या टेबलावर जर्नल आपटलं, वर्गाबाहेर आलो, आणि चालत चालत कॉलेजच्याच बाहेर आलो. अडीच वर्षं तिथे, उरलेलं दीड हवेत.

आईने नंतर हळूच विचारलं, सध्या काय काम चाललंय. म्हटलं, गाड्यांना गार हवेचा पाइप बसवतो.

– म्हणजे एसी?

– नाही गं. आतल्या माणसांना नाही, इंजिनाला गार हवा.

– वा! इंजिनाला गार हवा आणि आईला हा कुरकुरता पंखा.

पेपरामागे बाबा हसले. पेपर हलला म्हणून कळलं.

१७ मार्च, सोमवार

निळी आली! (नाव माहीत आहे आता, पण इथे लिहिणार नाही. मालक सगळ्यांना गाडीच्या रंगानेच ओळखतात, तेच बरं.)

मीच बोलावलं होतं. नवा पाइप बसवला की इंजिन तापून-निवून पाइप धरून ठेवणारे क्लॅम्प थोडे सैल होतात, ते एकदा आवळावे लागतात. हे खरं आहे. कोणालाही विचारा. आवळले. एक तर खरोखर सैल होता – केवढा आनंद झाला मला!

मग ती म्हणाली, मे महिन्यात टेकडीची शर्यत आहे. रस्ता बंद करतात आणि एकेक गाडी खालून वर सोडतात. गेल्या वर्षी ती शेवटून दुसरी होती. "शेवटचा होता त्याची गाडी बंद पडली होती," म्हणाली. म्हणजे तीच शेवटची! एवढं हसत कोण सांगतं? मी असतो तर ती टेकडीच खणून काढली असती.

जाता जाता: "हा फिल्टर किती दिवसांनी साफ करायचा असतो?"

आता याचं उत्तर मला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. हा कापडी फिल्टर धुवायचा वर्षातून एकदा. धुळीत फार फिरणं असेल तर दोनदा. फिल्टरच्या तेलाच्या डब्यावर छापलेलं आहे.

माझं तोंड म्हणालं – दर पंधरा दिवसांनी.

खरंच, तोंडच म्हणालं. मी नुसता ऐकत उभा. ती "बरं" म्हणाली आणि गेली. मागे वळतो तर दहा नंबर! नको तेव्हा बरोबर सापडतो.

– दर पंधरा दिवसांनी? मग इंजिनाचं तेल काय दर तासाला बदलायचं का रे?

३१ मार्च, सोमवार

आली. मला वाटलं होतं विसरेल.

फिल्टर काढला. पंधरा दिवसांत काय घाण होणार? एक मेलेला किडा होता. त्याचेच आभार मानले. साबणाचं पाणी मारलं, मुरू दिलं, मग आतून बाहेर हलक्या धारेने धुतला. बाहेरून आत मारलं तर घाण आतच जाऊन बसते. आणि वाळवायचा सावलीत, नुसता ठेवून. कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, कापड फाटतं. म्हणजे अर्धा दिवस लागतो. म्हणजे अर्धा दिवस ती!

दुकानात थांबली. सुट्टीच घेतली होती म्हणे. चहा झाला. मी विचारलं, नखांत कसली पूड असते?

– प्लॅस्टर. मी दात बनवते.

दातांचे डॉक्टर माप घेऊन पाठवतात, ही त्यावरून साचा करून दात घडवते. कवळ्या, सुळे, दाढा. म्हणाली, माणसं विसरते पण जबडे लक्षात राहतात. मग माझ्याकडे जरा वाकून बघितलं – मला घाम! – आणि म्हणाली, "तुम्ही झोपेत दात खाता. पुढचे किती झिजलेत बघा."

म्हटलं, झोपेत नाही, जागेपणी खातो.

– कोणावर?

यादी मोठी आहे म्हणालो. ती खूप हसली. या वेळी माझ्याकडे बघून.

संध्याकाळी फिल्टरला तेल लावलं, हवेतली धूळ त्यालाच चिकटते. एकेका घडीच्या काठाने बारीक धार, तेवढीच. कापड पांढऱ्याचं गुलाबी-लाल झालं की पुरे. मुरायला ठेवलं, राहिलेले पांढरे ठिपके भरले, फिल्टर बसवला. छान काम. बिनगरजेचं, पण छान!

१ एप्रिल

आरशात दात बघितले. खरंच झिजलेत.

१४ एप्रिल, सोमवार

दुसऱ्यांदा धुतला. या वेळी किडासुद्धा नव्हता.

दहा नंबर पलीकडून: "घासलेली भांडी घासतोयस रे." मी पाना फेकला. लागला नाही, पण मालकांनी बघितलं. "हत्यारं फेकायची नाहीत. तोंड आहे ना? ते चालव."

तिने विचारलं, धुतलेलं पाणी एवढं स्वच्छ कसं? मी म्हणालो, तुम्ही गाडी नीट चालवता म्हणून. काय पण उत्तर!

वाईट वाटतं का? वाटतं. ती गाडी सुरू करून निघाली की वाटतं. मग पुढच्या सोमवारांची मोजणी सुरू झाली की वाटेनासं होतं.

२० एप्रिल, रविवार

बाबा – आईमार्फत – "जूनमध्ये परत घेतात म्हणे कॉलेजात. त्याला विचार." आईने विचारलं. मी म्हटलं, बघू. "बघू म्हणतोय," आईने सांगितलं. "ऐकलं मी," बाबा म्हणाले.

भांडण झालं नाही. नवलच.

२८ एप्रिल, सोमवार

तिसऱ्यांदा. आज ती घाईत होती, गाडी टाकून तिच्या दातांच्या लॅबमध्ये गेली, संध्याकाळी घेऊन गेली. बोलणं जेमतेम दाराशी. "शर्यतीच्या आधी एकदा बघाल ना? तुमच्याच भरवशावर आहे."

भरवशावर! हा शब्द दिवसभर डोक्यात. किती चांगला शब्द आहे. आणि मी किती –

९ मे, शुक्रवार

परवा शर्यत. दुपारी उशिरा आली आणि गाडी लगेच हवी होती. फिल्टरला हात लावायची काहीच गरज नव्हती. नुसते क्लॅम्प बघून "जा, सगळं छान आहे" म्हणायला हवं होतं. पण भरवशावर म्हणाली ना!

धुतला. वाळायला वेळ नव्हता, तर उन्हात धरून झटकला. आणि तेल लावलं. भरपूर. वाटलं, शर्यत आहे, कसर नको. प्रत्येक घडीला दोनदा. लालभडक झाला, तळाशी थेंब लोंबत होता. तो चिंधीने टिपला. मुरायला ठेवायचा तो ठेवला नाही. ती हॉर्न वाजवत होती. गमतीने, पण वाजवत होती.

– येणार ना बघायला?

येणार म्हणजे काय!

११ मे, रविवार

काय झालं ते सरळ लिहितो.

टेकडीवर तिसऱ्या वळणापाशी दगडी कठड्यावर जागा धरली. तिथून खालचा रस्ताही दिसतो. गाड्या एकेक करून वर येत होत्या. तिची पाळी आली. आवाज खालूनच ओळखला – मी बसवलेला आवाज. पहिलं वळण मस्त घेतलं. दुसरं त्याहून मस्त. मी कठड्यावर उभा राहून ओरडतोय.

तिसऱ्याच्या आधी चढ आहे. तिथे गाडी अडखळली. एकदा. मग परत. उचकी लागावी तशी. आवाज फाटला. ती गिअर खाली टाकतेय, पाय दाबतेय, आणि गाडी हिसके देतेय. माझ्यासमोरून गेली ती सायकलच्या वेगाने. चेहरा दिसला. घाबरलेला नव्हता, नुसता लक्ष देऊन ऐकत होता – आजारी माणसाचं डॉक्टर ऐकतात ना, तसा.

कशीबशी वर पोचली. शेवटची. या वर्षी कोणाचीही गाडी बंद पडली नव्हती.

माझ्या शेजारचा एकजण मित्राला म्हणाला, "नुसते पाइप चमकवून होतं का? चालवायलाही यावी लागते." मी त्याची कॉलर धरली. मूठही वळली. तो "अहो, अहो, काय झालं?" करतोय.

आणि तेव्हाच कळलं. हिसके, फाटका आवाज, चढावर दम नाही – तेल. फिल्टरचं जास्तीचं तेल ओढलं जाऊन सेन्सरच्या तारेवर बसलं. तार आंधळी झाली, हवेचा हिशेब चुकला, पेट्रोल चुकलं. कोणी केलं? मी. हातात दुसऱ्याची कॉलर आणि मारायचा माणूस मी! सोडली. "चुकलो," म्हटलं त्याला. त्याने शर्ट नीट केला आणि माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं.

वर गेलो. ती बोनेट उघडून उभी. म्हणाली, "पेट्रोल खराब होतं बहुतेक. तुमचं काम तर चोख होतं."

दातखीळ बसली माझी. काही बोललो नाही. काही म्हणजे काहीच नाही.

१२ मे, सोमवार

गाडी टोचन लावून आणली. सेन्सर काढला. अंदाज बरोबर होता – तारेवर तेलाचा थर, त्यावर धूळ चिकटलेली. सेन्सरचा स्प्रे येतो, तो लांबून मारायचा, तारेला बोट लावायचं नाही. वाळवला, बसवला. फिल्टर धुवायला काढला, या वेळी रात्रभर टांगून ठेवणार. डोळे मिटूनही करता येईल असं काम.

मालक मागे येऊन उभे राहिले. फिल्टर हातात घेतला, बोट फिरवलं, बोट लाल. 

– कोणी न्हाऊ घातलं याला?

– मी.

– किती वेळा?

सांगितलं. कधीपासून तेही सांगितलं. मालक बराच वेळ बोट पुसत राहिले.

– पंधरा दिवसांनी! अरे, एवढ्या वेळा तर मी बायकोला माहेरी सोडायला जात नाही.

दहा नंबर हसला, मालकांनी बघताच थांबला. मग मालक म्हणाले, "उद्या ती येईल. तेलाचा डबा खराब निघाला म्हणून सांग. दुकानाचं नाव राहील, तुझंही राहील." आणि काउंटरवर गेले.

सोपं आहे. डबा काही बोलणार नाही.

दहा नंबरला विचारलं, तू काय करशील? तो म्हणाला, "मी? मी गायब होईन." खरं बोलला बिचारा.

पण डबा खराब म्हटलं तर पुढचा सोमवार तसाच येईल. आणि त्याच्या पुढचा. ती येईल, चहा घेईल, हसेल – आणि ते सगळं एका धुतलेल्या फिल्टरवर उभं! ती माझ्याकडे येत नाहीच आहे. फिल्टरकडे येते. मला कधी कळणारच नाही की ती माझ्याकडे आली असती की नाही.

१३ मे, मंगळवार

सांगितलं.

आधी गाडी सुरू करून दाखवली. गुळगुळीत चालली. ती खूश. "पेट्रोलच ना?"

– नाही. तेल. फिल्टरला तेल जास्त झालं. मी लावलं जास्त.

– एखाद्या वेळी होतं तसं.

इथे थांबता आलं असतं. तिने दारच उघडून दिलं होतं.

– त्या दिवशी फिल्टर काढायचाच नव्हता. त्याच्या आधीही नव्हता. वर्षातून एकदा धुतात. डब्यावर लिहिलंय, हा घ्या डबा.

तिने डबा घेतला. वाचला. सावकाश, खालपर्यंत. मी तिच्या नखांकडे बघत होतो.

– मग पंधरा दिवसांनी का सांगितलंत?

– तुम्ही यावं म्हणून.

एवढं बोललो आणि कान तापले. मालकांनी कॅल्क्युलेटरवरचं बोटसुद्धा थांबवलं होतं.

– मी वर्षभर त्या एका रविवारची वाट बघते, म्हणाली. – माहीत होतं तुम्हाला?

– माहीत होतं.

ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्याला काय करायचं ते मला येतं.

– आता परत कधी आणायची?

– पुढच्या मार्चमध्ये. तोपर्यंत काही लागणार नाही. खरंच नाही लागणार.

डबा काउंटरवर ठेवला. गाडीत बसली. वळणापर्यंत आवाज ऐकू आला, छाती भरून. काम चांगलं झालंय. ते तरी.

१४ मे

मालक म्हणाले, "गिऱ्हाईक घालवलंस." मग जरा वेळाने, "फिल्टरचं काम मात्र इथून पुढे तूच करायचं. आता चुकायचा नाहीस."

१९ मे, सोमवार

दाढी केली नाही. आई म्हणाली, "का रे, सोमवार ना आज?" म्हणजे हिला सगळं कळत होतं!

बाबांना मीच सरळ बोललो. मधे आई नाही. म्हटलं, जूनमध्ये कॉलेजला जाणार नाही. काम शिकायचंय, नीट शिकायचंय. मला वाटलं आता पेटणार. पेपर खाली घेतला. "नीट म्हणजे?" म्हटलं, जे गरजेचं नाही ते न करण्याइतकं. त्यांनी पेपराची घडी घातली. "हे कॉलेजात शिकवत नव्हते?" म्हटलं, शिकवत असतील, मी ऐकत नव्हतो.

"बरं," म्हणाले. मलाच म्हणाले.

२६ मे, सोमवार

दोन मोठ्या गाड्या, तीन छोट्या. एका पोराला बंपरमागे खाली फिल्टर हवा होता, पण त्याच्या गल्लीत पाणी तुंबतं. फिल्टरने पाणी ओढलं तर इंजिन कायमचं बसेल. नाही म्हणालो, वर बसवून दिला. आवाज कमी येतो म्हणून कुरकुरला. कुरकुरू दे.

निळी दिसली नाही. दिसणार कशी, मीच सांगितलंय मार्चमध्ये या. रस्त्यावर कोणतीही गाडी जोरात श्वास घेते आणि माझी मान वळते. मानेला अजून कळवलेलं नाही.

२ जून, सोमवार

दुकान आवरत होतो. दारात ती. सवयीने हात पुसत बाहेर गेलो, बोनेट उघडायला, तर बाहेर रस्ता मोकळा.

– गाडी कुठे लावलीत?

– गाडी घरी आहे. तू कधी सुटतोस?